देसाची नजर आणि स्वस्तातला लॅपटॉप

पडदा वर जातो. मंचावर दिवा एकच, टेबलावरचा, बगळ्यासारखी मान वाकवलेला. मागची भिंत तांबूस दगडाची, तिच्यावर खोदयंत्राच्या दातांनी काढलेली गोल गोल वळी. खिडकी नाही, कारण भिंतीपलीकडे पुन्हा दगडच आहे. वर, छतापासून पाच-सहा मीटरांवर, ऑस्ट्रेलियातल्या कुबर पेडीची जमीन पंचेचाळीस अंशांत भाजते आहे; खाली या घरात पंखासुद्धा लागत नाही. दगड घासायचं चाक फिरतं आहे, त्यावर थेंब थेंब पाणी गळतं आहे, आणि चाकापुढे बसली आहे देसांका वुकिच. वय चौसष्ट. केस मागे घट्ट बांधलेले, कपाळावर भिंग चढवलेलं, एप्रनवर पांढऱ्या गाळाचे शिंतोडे. तिच्या डाव्या हाताला एक काळा, जाडजूड लॅपटॉप. त्याच्या कळांखालून लाल, मग निळा, मग जांभळा उजेड पाझरतो आहे, जत्रेतल्या पाळण्यावर असतो तसा. आणि तो घोंघावतो आहे. अख्ख्या घरातला एकुलता एक पंखा या यंत्राच्या पोटात आहे.

पहिलं वाक्य देसाचं.

"गप्प बस रे मेल्या! काम मी करतेय आणि धापा तू टाकतोस!"

देसा आमच्या गावात एकोणिसाव्या वर्षी आली, सर्बियातल्या आलुबुखारांच्या बागा सोडून, नवऱ्यामागून. रादोवान खाणीत ओपल, म्हणजे आत रंग खेळणारे रत्नाचे दगड, खोदायचा आणि ही ते घासायची. रादोवानला जाऊन आता नऊ वर्षं झाली. खाण गेली, चाक राहिलं. आणि राहिली तिची नजर. खाणीतून निघालेला ओबडधोबड तुकडा हातात घेऊन आत रंग कुठे झोपलाय, किती थर घासले की तो जागा होईल आणि कुठे हात थांबवायचा, हे तिला कळायचं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ती दगडाबद्दल जे सांगेल तेच दगडात असायचं, रतीभर जास्त नाही. "लाल आहे, पण आळशी लाल," असं ती म्हणायची आणि खाणवाले हसत. पण ॲडिलेडचे जवाहिरे टेलिफोनवर तेवढं ऐकून दगड घ्यायचे. इतर घासणारे दहा विशेषणं लावायचे. देसाचं एकच पुरायचं.

मग काळ बदलला. गिऱ्हाईक टेलिफोनवर ऐकेना, त्याला बघायला हवं झालं. फोटोही पुरेना. ओपल हा नटासारखा. मान जराशी वळवली की चेहरा बदलतो. म्हणून दगड फिरता दाखवायचा, म्हणजे व्हिडिओ आला. देसाकडे एक जुना लॅपटॉप होता, तो व्हिडिओ उघडताच असा गोठायचा, की देसा मधल्या वेळात कॉफी करून, पिऊन, कप विसळून परत यायची.

तिच्या चुलतबहिणीची मुलगी मिलेना गावातल्या हॉस्पिटलात नर्स आहे. वय एकतीस, ड्युटी संपली की पर्थमधल्या चार अनोळखी माणसांबरोबर बंदुकांचे खेळ खेळते. तिनेच हा लॅपटॉप सुचवला.

"तेता," ती म्हणाली. त्यांच्यात मावशीला तेता म्हणतात. "व्हिडिओवाल्यांचे लॅपटॉप तुला परवडणार नाहीत. खेळवाल्यांचा घे. निम्म्या किमतीत तेवढीच ताकद. घोडा आहे घोडा."

"मला कुठे शर्यत लावायचीय?"

"व्हिडिओ चुटकीसरशी होतील. तू कप विसळायच्या आत."

ते खरं निघालं. घोडा होताच तो. पाच-पाच व्हिडिओ एकदम टाकले तरी अडखळत नव्हता. पण घोड्याबरोबर घोड्याचे नखरेही आले. चार्जरची तार काढली की सव्वा तासात मान टाकायचा. तो चार्जर तरी केवढा! देसा त्याला वीट म्हणायची, आणि एकदा खरोखरच दार अडवायला तिने तो ठेवला होता. मांडीवर घ्यावा तर मांडी भाजते. झाकण उघडताना प्लॅस्टिक कुरकुरतं. आवाज असा, की त्यांच्या पोपाची, म्हणजे पाद्रीबाबाची, प्रार्थना लावली तर पोपा डब्यात बसून गातोय असं वाटे. कळांचे ते रंगीत दिवे बंद कसे करायचे हे मिलेनाने तीनदा दाखवलं. देसाला तिन्ही वेळा फक्त त्यांचा वेग वाढवता आला.

त्यात पांतेलिसने भर घातली. पांतेलिस ग्रीक, एकाहत्तर वर्षांचा, रादोवानचा खाणीतला जोडीदार. अजूनही एकटा खोदतो. रोज सकाळी दहाला देसाकडे कॉफीला येतो आणि साखर कमी आहे म्हणून भांडतो. चार महिन्यांपूर्वी लॅपटॉप फार तापायला लागला. पांतेलिसने तो कानाशी धरला, जाळीत डोकावला आणि निदान केलं.

"धूळ. तुझ्या चाकाची. नाक चोंदलंय याचं. दे इकडे."

आणि तो लॅपटॉप घेऊन वर गेला. खाणीतली ड्रिल साफ करायला जी हवा मारतात ना, दगड उडवणारी, कंप्रेसरची, ती त्याने लॅपटॉपच्या नाकात मारली! पंखा आयुष्यात कधी फिरला नव्हता इतका फिरला. एक किंकाळी ऐकू आली. धूळ गेली, हे मान्य. पण तेव्हापासून तो पंखा घरघरायला लागला, म्हाताऱ्या बोक्यासारखा.

"आमच्या ड्रिलला काही होत नाही," पांतेलिस म्हणाला.

"ड्रिलला! अरे, उद्या तुझं नाक चोंदलं तर मिलेना तुला इंजेक्शन देईल की कंप्रेसर लावेल?"

हे सगळं देसाने सोसलं, कारण यंत्र कामाचं होतं. अकरा महिन्यांत तिने त्याच्यावर त्रेचाळीस दगड विकले. मग पांतेलिसला तो दगड सापडला.

सहा वर्षांत त्याला असा दगड मिळाला नव्हता. अंगठ्याच्या नखाएवढा, दुधी अंगाचा, आणि आत लाल. देसाने तो दोन आठवडे घासला. एके दिवशी तर तिने चाकच लावलं नाही, नुसती बघत बसली, कारण आणखी एक थर काढला असता तर लालच निघून गेला असता. मग व्हिडिओ केला आणि ॲडिलेडच्या रोझलिंड ट्रेगेंझाला पाठवला. रोझलिंड जवाहिरी, बावीस वर्षांची ओळख. स्वतः कधी फोटो मागत नसे. पण या वेळी तिचं गिऱ्हाईक दगड आधी बघायला मागत होतं. बघितलं, खूश झालं, हो म्हणालं. दगड डाकेने गेला.

आणि आठव्या दिवशी रोझलिंडचा फोन आला. पांतेलिस समोरच कॉफी पीत होता.

"देसा," रोझलिंड म्हणाली, "तुला विचारायला मला लाज वाटते. पण तू व्हिडिओला रंग लावलास?"

"काय लावलं?"

"दगड सुंदर आहे. पण व्हिडिओतला नाही. गिऱ्हाईकाने माझ्यासमोर दोन्ही शेजारी शेजारी धरले आणि ती म्हणाली, ही फसवणूक आहे. माझ्या दुकानात, देसा! मी तिला सांगितलं होतं, की ही बाई एक शब्द जास्त बोलत नाही."

देसाचा आवाज फुटला तो असा, की पांतेलिसने कप खाली ठेवला.

"तुझ्या गिऱ्हाईकाचे डोळे तपास, रोझलिंड! नाहीतर दुकानातले दिवे तपास! दगड परत पाठव!"

दगड परत आला. देसाने तो तळहातावर घेतला, लॅपटॉप उघडला, व्हिडिओ लावला. डावीकडे पडदा, उजवीकडे दगड. पांतेलिसला मान धरून पुढे केलं.

"बघ. सांग मला. फरक दाखव."

पांतेलिसने चष्मा वर केला, खाली केला. "तंतोतंत."

"तंतोतंत! तो लाल तोच आहे. कडेचा हिरवा तोच आहे. मी काय केलं माहितीये? कॅमेऱ्यातून निघालेला व्हिडिओ या पडद्यावर नेहमी मेलेला दिसायचा, चार वेळा धुतलेल्या चादरीसारखा. म्हणून मी दगड असा हातात धरायची आणि रंग वाढवायची पट्टी सरकवत जायची, दोन्ही जुळेपर्यंत. एक केसभरही पुढे नाही. प्रत्येक दगडाला! याला फसवणूक म्हणतात?"

"ॲडिलेडवाले," पांतेलिस म्हणाला, आणि त्यात त्याचं सगळं मत आलं.

तीन दिवस देसा धुमसत होती. गाव लहान. देसाचा दगड परत आला ही बातमी तिच्याआधी दुकानात पोचली. पाव घ्यायला गेली तर बोलणी थांबली. कोणी काही विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं. चाळीस वर्षं ज्या माणसांनी तिच्या शब्दावर दगड ठेवले, ती आता तिच्याकडे हळहळीने बघत होती, शब्द विसरलेल्या नटीकडे बघावं तशी.

चौथ्या दिवशी दुपारी, पांतेलिस सकाळच्या कॉफीपासून तिथेच रेंगाळलेला असताना, मिलेना आली, पनीरचा गिबानिका, थराथरांची त्यांची पाई, घेऊन. सगळं ऐकून म्हणाली, "मला पाठव तो व्हिडिओ. माझ्या फोनवर बघते."

देसाचा स्वतःचा फोन तारेचा, बटणांचा. जमिनीखाली मोबाइलला नाहीतरी रेंज नसते, मग भारी घेऊन काय करायचंय, असं तिचं म्हणणं. घरातल्या वायफायवरून व्हिडिओ गेला. मिलेनाने तो उघडला, बघितला, पुन्हा पहिल्यापासून लावला.

"काय झालं?"

मिलेनाने फोन पुढे केला.

देसाने बघितलं. पांतेलिसनेही तिच्या खांद्यावरून बघितलं. फोनवर एक गोष्ट फिरत होती. दगड म्हणवत नव्हता तिला. ट्रकच्या मागच्या दिव्यासारखी लालभडक, कडेला पोपटी आग, मध्ये असला निळा, जो जगातल्या कुठल्याही खाणीत सापडत नाही.

"हे काय आहे?" देसा म्हणाली.

"तुझा व्हिडिओ, तेता."

"माझा नाही हा."

"तुझाच आहे. तुझ्या लॅपटॉपचा पडदा फिका आहे. रंग दाखवतच नाही तो, निम्मे गिळतो. तू ते भरून काढत गेलीस. चांगल्या पडद्यावर ते सगळं वर आलं."

ज्यांनी रंगपटात दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको. मिणमिणत्या दिव्याखाली आरशात बघत गालाला रंग लावावा, तर आरशात चेहरा छान गुलाबी दिसतो. मग झगझगीत उजेडात पाऊल टाकावं, आणि पहिल्या रांगेतल्या पोरांनी माकड आलं म्हणून ओरडावं. लावणाऱ्याचा हात खोटा नसतो. आरसा आंधळा असतो.

"पण तू तर म्हणालीस घोडा आहे!" देसा मिलेनावर उसळली. "पडदा फार भारी आहे म्हणाली होतीस!"

"वेगाला भारी म्हणाले होते! स्वस्तातल्या यंत्रात कुठेतरी हात आखडतातच. सगळा पैसा पोटातल्या ताकदीवर लावतात, आणि पडद्यावर, आवाजावर, प्लॅस्टिकवर वाचवतात. खेळणाऱ्याला पडदा झटपट लागतो. शत्रू कोपऱ्यातून आला की त्याच क्षणी दिसला पाहिजे. त्याचा शर्ट किती लाल आहे ते कोण बघतंय?"

"मी बघते! चाळीस वर्षं मी दुसरं काय बघतेय?"

मिलेना ओशाळली. पांतेलिसने तेवढ्यात गिबानिकाचा दुसरा तुकडा घेतला. देसा मात्र बसली ती बसूनच राहिली. तिचा राग आता जाणार कुठे? रोझलिंडवर होता तो सुटला. यंत्रावर काढावा तर यंत्राला कोणी रंग विचारला होता? तिने नजरेवर भरवसा ठेवला होता, आणि नजर बरोबरच होती. त्या बरोबर नजरेने तिने अकरा महिने खोटं पाठवलं होतं. नजर जराशी कमी असती, तर तिने पट्टी सरकवलीच नसती.

"त्रेचाळीस," ती म्हणाली.

"काय त्रेचाळीस?" पांतेलिसने विचारलं.

"माणसं. सगळ्यांना कळवायला हवं."

पांतेलिसच्या हातातला तुकडा हातातच राहिला. "वेडी झालीस? त्यांनी तक्रार केली?"

"दोघांनी लिहिलं होतं, जरा फिका वाटतो म्हणून. मला वाटलं घासाघीस चाललीय."

"दोघं. मग बाकीचे एकेचाळीस सुखात आहेत. बोटात अंगठी घालून फिरताहेत. तू त्यांच्या दाराशी जाऊन ओरडणार, की बाई गं, तू फसलीस? आणि माझा दगड? तो कोण घेईल मग?"

"तेच तर. ते सुखात नाहीत, पांतेलिस. त्यांना वाटलं फोटो असेच असतात, विकणारे असेच असतात. चाळीस वर्षं मी वेगळी होते. आता त्यांच्या हिशेबात मी इतरांसारखी आहे."

"असशील! काय बिघडलं? सगळेच तसे आहेत!"

"तू असं म्हणालास रादोवानच्या घरात बसून?"

"मग माझा दगड मला परत दे," पांतेलिस उठून म्हणाला. "मी दुसऱ्याकडून विकीन."

देसाने दगड कापसात गुंडाळला, डबीत ठेवला, डबी त्याच्या हातात दिली. तो बोगद्यातून दारापर्यंत गेला. दार उघडल्याचा आवाज आला, उन्हाची एक फट आत पडली, आणि बराच वेळ दार लागलंच नाही. मिलेना उठायला लागली तशी देसाने तिला हाताने बसवलं.

पांतेलिस परत आला. डबी टेबलावर आपटली.

"वर फार ऊन आहे," तो म्हणाला. "कर काय करायचं ते. पण लवकर कर, माझं आयुष्य काही फार उरलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं कामाला लागली. कॅमेऱ्याने मूळ जे टिपलं होतं ते सगळं जपून ठेवलेलं होतं. कॅमेऱ्याने खरंच सांगितलं होतं, त्याची साक्ष तेवढी कोणी घेतली नव्हती. मिलेनाने त्रेचाळीसच्या त्रेचाळीस व्हिडिओंवरची, आणि पांतेलिसच्या दगडाच्या व्हिडिओवरचीही, ती रंगाची पट्टी शून्यावर आणली आणि यंत्राला सोडलं. आणि त्याने काय धाव घेतली! पंखा बोक्यासारखा घरघरतोय, टेबल तापलंय, पांतेलिस वर्तमानपत्राने त्याला वारा घालतोय, मधेच लॅपटॉप अद्ययावत होऊ का म्हणून विचारतोय आणि देसा किंचाळतेय, "आत्ता? आत्ता विचारतोस?" पण जे काम जुन्याने आठवडाभर रखडवलं असतं, ते याने दुपारच्या जेवणाआधी हातावेगळं केलं. देसाने डोळे मोठे करून बघितलं, पण कौतुक तोंडावाटे येऊ दिलं नाही.

पत्र तिने स्वतः सांगितलं. मिलेनाने दोनदा गोड करायचा प्रयत्न केला, दोनदा देसाने ते काढायला लावलं. उरलं ते एवढंच: मी तुम्हाला जो दगड विकला तो खरा आहे. जो व्हिडिओ दाखवला तो खोटा होता, माझ्या चुकीने. खरा सोबत जोडला आहे. दगड नको वाटला तर परत पाठवा, मी पूर्ण पैसे देईन. देसांका वुकिच.

हेच पत्र, नव्या व्हिडिओसकट, रोझलिंडलाही गेलं. पांतेलिस म्हणाला, "निदान लॅपटॉपचं नाव तरी घे."

"रंग मी वाढवला. त्याने नाही."

पुढचे पंधरा दिवस तिने चाक फार कमी लावलं. नऊ दगड परत आले. एका बाईने अशी शिवी लिहिली, की मिलेनाने ती वाचून दाखवायला नकार दिला आणि पांतेलिसने हट्टाने वाचली. टास्मानियातल्या एका म्हाताऱ्याने कळवलं, की व्हिडिओ उघडायला त्याला कधी जमलंच नव्हतं, दगड छान आहे, तब्येतीला जपा. बरेच जण काही बोललेच नाहीत. दुकानात बोलणी अजून थांबत होती, पण थांबण्याची जात बदलली होती. एका क्रोएशियन खाणवाल्याने, जो सहा वर्षं दुसरीकडे जात होता, मुकाट्याने तिच्यापुढे दगडांची पिशवी ठेवली.

ॲडिलेडहून मात्र काही नाही. देसाने त्या फोनची वाट बघत नाही असं दाखवण्यात इतकी मेहनत घेतली, की पांतेलिसनेही साखरेवरून भांडण्याचं सोडून दिलं.

सोळाव्या दिवशी, कॉफीच्या वेळी, फोन वाजला.

"मी गिऱ्हाईकाला तुझं पत्र दाखवलं," रोझलिंड म्हणाली. "आणि नवा व्हिडिओ. ती म्हणतेय, पहिल्यापेक्षा हाच बरा आहे, पहिला बघताना डोळे दुखत होते."

"मग घेतेय?"

"विचार करतेय. म्हणाली, मी जाऊन पुन्हा एकदा नीट बघावा आणि मी म्हणेन ते ती ऐकेल. तिकडे कसला आवाज येतोय?"

"पांतेलिस रडतोय. म्हणजे तो म्हणतो धूळ गेली."

"धूळच आहे!" पांतेलिस मागून ओरडला.

"पुढच्या आठवड्यात येते गाडी घेऊन," रोझलिंड म्हणाली. "नऊ तास. बावीस वर्षांत एकदाही आले नाही मी तुझ्याकडे, लाजच वाटतेय. आणि त्या लॅपटॉपचं काय केलंस? फेकलास ना?"

देसाने टेबलाकडे बघितलं. लॅपटॉप लाल झाला, निळा झाला, जांभळा झाला. मिलेना परवाच सांगत होती, की त्याच्या कुशीला तार जोडायची एक जागा आहे, आणि बाहेरचा चांगला पडदा जोडला तर हे गाढवसुद्धा रंग खरे दाखवेल.

"फेकू कशाला? पोटात जोर आहे त्याच्या. तू ये, गिबानिका मी करते. आणि येताना तू गिऱ्हाईकाला ज्याच्यावर व्हिडिओ दाखवलास, तो दुकानातला चांगला पडदा गाडीत टाक, पांतेलिस उतरवून घेईल, पण त्याला कंप्रेसरच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही!"